दिवाळीचा किल्ला झाला, मावळेही मांडले, आता लढाई कशी खेळायची? ऐतिहासिक वॉरगेमिंगचा छंद समजून घ्या

दिवाळीची सुट्टी लागली की सोलापूरच्या गल्लीबोळात, चाळींच्या अंगणात आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एकच गडबड सुरू होते. कुणी विटा गोळा करतं, कुणी गोणपाट भिजवतं, कुणी माती चाळतं. दोन दिवसांत किल्ला उभा राहतो. त्यावर अळीव पेरलं जातं, बुरुजांना गेरू लागतो, वर सिंहासनावर महाराज बसतात आणि पायऱ्यांवर भाले घेतलेले मावळे उभे राहतात.

पण गंमत बघा. एवढी मेहनत करून मावळे मांडले की खेळ तिथंच संपतो. मावळे जागचे हलत नाहीत. तोफ कुणावर रोखली आहे ते ठरलेलं नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोर शत्रूच नसतो. चार दिवस लोक किल्ला बघून जातात, मग मावळे खोक्यात भरून माळ्यावर टाकले जातात.

जगात मात्र एक असा छंद आहे जो नेमका इथून पुढं सुरू होतो. त्यात छोटे सैनिक असतात, डोंगर-नद्या असतात, किल्लेही असतात. पण त्याबरोबर फासे असतात, मोजपट्टी असते, नियम असतात आणि टेबलाच्या पलीकडे बसलेला एक प्रतिस्पर्धी असतो. या छंदाला म्हणतात हिस्टॉरिकल मिनिएचर वॉरगेमिंग. म्हणजे इतिहासातली खरी लढाई छोट्या सैनिकांच्या मदतीनं टेबलावर पुन्हा खेळून बघणं.

हा खेळ नेमका काय आहे, तो आला कुठून आणि सोलापूरच्या चार-पाच मित्रांना तो आपल्याच जिल्ह्यातल्या लढाईवर कसा खेळता येईल, हे सविस्तर पाहू.

हा खेळ बुद्धिबळापेक्षा वेगळा कसा?

लढाईचा खेळ ही कल्पना आपल्याला नवी नाही. बुद्धिबळाचा पूर्वज असलेला चतुरंग हा खेळ साधारण सहाव्या शतकात भारतात खेळला जात होता, असं मानलं जातं. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. आजही आपण पटावर हत्ती, घोडा, उंट आणि प्यादी मांडतो.

पण बुद्धिबळात दोन गोष्टी खऱ्या लढाईसारख्या नसतात. पहिली, दोन्ही बाजू अगदी समान असतात. दुसरी, नशिबाला आणि गोंधळाला तिथं जागाच नसते. खऱ्या रणांगणावर एकाकडे दहा हजार फौज असते, तर दुसऱ्याकडे दोन हजार. एकाचा दारूगोळा भिजलेला असतो. निरोप घेऊन गेलेला सांडणीस्वार वेळेवर पोहोचत नाही. एखादं पथक कारण नसताना पळ काढतं.

वॉरगेममध्ये या सगळ्याला जागा असते. फौजा असमान असतात. जमीन चौकोनांत विभागलेली नसते, त्यामुळे अंतर टेपनं मोजावं लागतं. आणि हल्ल्याचा निकाल फाशांवर ठरतो. अर्थात फासे म्हणजे निव्वळ नशीब नव्हे. उंचावर उभं राहिलेल्या, बाजूनं हल्ला करणाऱ्या किंवा ताज्या दमाच्या पथकाला फाशात एक-दोन अंक जास्त मिळतात. चांगला सेनापती नशीब बदलू शकत नाही, पण ते आपल्या बाजूला झुकेल अशी मांडणी करू शकतो. सगळा खेळ याच एका गोष्टीभोवती फिरतो.

हा खेळ आला कुठून?

याची सुरुवात जर्मन प्रदेशात झाली. १७८० मध्ये योहान हेल्विग या गृहस्थांनी बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यात डोंगर, नद्या आणि गावं आणली. त्यानंतर प्रशियातल्या राइसविट्झ बाप-लेकांनी हा प्रकार पुढं नेला. वडिलांनी १८१२ मध्ये आपला खेळ थेट प्रशियाच्या राजाला दाखवला. लष्करात अधिकारी असलेल्या मुलानं १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम छापले. या खेळाचं नाव होतं क्रीगस्पील, म्हणजे युद्धाचा खेळ.

यात पट जाऊन खरा नकाशा आला. तिसरा माणूस पंच म्हणून बसू लागला. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला लिहून देत आणि कुणाला काय दिसतंय हे पंच ठरवत असे. प्रशियाच्या सेनाप्रमुखांनी तो पाहिला आणि हा नुसता खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे, असं म्हणत सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी त्याची शिफारस केली. पुढं अनेक देशांच्या सैन्यांनी असे खेळ स्वीकारले.

सामान्य माणसांच्या हातात हा खेळ आला तो एका लेखकामुळे. टाइम मशीनची गोष्ट लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं छोटं पुस्तक काढलं. घरातल्या फरशीवर खेळण्यातले सैनिक मांडायचे आणि स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी मारून ते पाडायचे, असा तो खेळ होता. विशेष म्हणजे वेल्स युद्धाचे चाहते नव्हते. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध कितीतरी बरं, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

१९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या छंदाला आजचं रूप आलं. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचं 'वॉर गेम्स' हे पुस्तक आलं आणि गावोगावी क्लब निघाले. आज मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर जे रोल-प्लेइंग गेम खेळले जातात, त्यांचं मूळही इथंच आहे. १९७४ मध्ये आलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अशाच वॉरगेम खेळणाऱ्या मित्रमंडळींमधून जन्माला आला.

सोलापूरच का?

कारण या जिल्ह्यात आणि आसपास खेळण्यासारख्या लढायांची कमी नाही.

शहराच्या मधोमध असलेला भुईकोट किल्लाच बघा. बहमनी काळातला हा किल्ला. दुहेरी तटबंदी, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आणि बाकीच्या बाजूंनी खंदक. डोंगरी किल्ल्याचं संरक्षण कडे करतात, भुईकोटाचं पाणी आणि भिंती करतात. त्यामुळे इथं लढण्याची पद्धतच वेगळी.

अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सीमेवर असल्यामुळे या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी पिढ्यान् पिढ्या भांडली. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या मरियम आणि बुऱ्हाण निजामशाह यांचं लग्न सोलापुरातच लागलं. लग्नात सोलापूरचा किल्ला देण्याचं कबूल झालं होतं, तो दिलाच गेला नाही, असं निजामशाहीचं म्हणणं. त्यावरून दोन्ही राज्यांत युद्धं झाली. पुढं चांदबीबीचं लग्न अली आदिलशाहाशी झालं, तेव्हा हाच किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. या सोयरिकीमुळे दोन्ही शाह्या एकत्र आल्या आणि जानेवारी १५६५ मध्ये तालीकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध एका बाजूनं उभ्या राहिल्या.

बार्शीच्या पलीकडे परंड्याचा किल्ला आहे. विजापूरला जी प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ बघायला लोक जातात, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि बराच काळ या परंड्यातच होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. वजन सुमारे ५५ टन! वॉरगेम खेळणाऱ्याला हा आकडा लगेच काहीतरी सांगतो. अशी तोफ लढाईच्या दिवशी इकडून तिकडे हलवता येत नाही. ती जिथं ठेवली, तिथंच तिची लढाई. म्हणून खेळात अवजड तोफेला हालचालच नसते. एका वाक्याचा नियम, पण त्यामागं दख्खनच्या वेढ्यांचं अख्खं गणित आहे.

आणि १८१८ साल तर सोलापूरसाठी धामधुमीचंच होतं. मे महिन्यात थॉमस मन्रो यांच्या फौजेनं आधी सोलापूरची पेठ घेतली, मग किल्ल्यावर तोफा डागल्या आणि आठवडाभरात किल्ला पडला. त्याआधी तीनच महिने याच जिल्ह्यात मराठेशाहीच्या शेवटच्या मोठ्या लढायांपैकी एक झाली होती. ती म्हणजे आष्टीची लढाई. पहिल्यांदा खेळण्यासाठी यापेक्षा चांगली लढाई शोधून सापडणार नाही.

२० फेब्रुवारी १८१८ : आष्टीला काय झालं?

पुणं हातातून गेल्यावर दुसरे बाजीराव पेशवे फौजेसह फिरत होते. इंग्रजांच्या तुकड्या त्यांच्या मागावर होत्या. बाजीरावांबरोबर साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांचं कुटुंबही होतं. म्हणायला ते पेशव्यांचे धनी, पण प्रत्यक्षात पेशव्यांच्या ताब्यात.

सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीजवळ पेशव्यांचा मुक्काम असताना जनरल स्मिथ घोडदळ घेऊन अचानक येऊन थडकले. छावणीत गोंधळ उडाला. सेनापती बापू गोखले यांच्यासमोर प्रश्न होता तो इंग्रजांना हरवण्याचा नाही, त्यांना अडवून धरण्याचा. छावणीतून पेशवे, छत्रपती, खजिन्याचे हत्ती आणि उंट बाहेर पडेपर्यंत वेळ काढायचा होता.

गोखले निवडक स्वार घेऊन थेट इंग्रजी घोडदळावर चालून गेले. पहिल्या धडकेत इंग्रजांची रांग विस्कटली, खुद्द जनरल स्मिथ यांच्या डोक्याला जखम झाली. पण इंग्रजांची मागची तुकडी पुढं आली आणि गोखले धारातीर्थी पडले. बाजीराव निसटले. छत्रपती प्रतापसिंह, त्यांचं कुटुंब आणि बरंचसं सामान इंग्रजांच्या हाती लागलं. एप्रिलमध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. बाजीराव जूनमध्ये जॉन माल्कम यांना शरण गेले.

आता टेबलावर बसून विचार करा. गोखल्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? सगळे स्वार एकदम झोकून दिले असते, की थोडे थोडे करून मागं सरकत राहिला असता? हत्ती सोडून दिले असते का? छत्रपतींची पालखी आधी काढली असती की पेशव्यांना?

खेळायला काय काय लागतं?

सुरुवातीला फार खर्च करण्याची गरज नाही.

*जमीन :* साधारण १२० बाय ८० सेंटिमीटरचं टेबल. टेबल नसेल तर फरशी. त्यावर जुनी सोलापुरी चादर अंथरायची, शक्यतो उलट्या बाजूनं किंवा नक्षी कमी असलेली. चादर जाड असल्यामुळे खाली दोन-तीन पुस्तकं सरकवली की मस्त टेकाड तयार होतं. निळ्या कापडाची पट्टी म्हणजे ओढा. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचे तुकडे काडीला चिकटवले की बाभळी तयार.

*सैनिक :* माळ्यावरचे दिवाळीचे मावळे चालतील. घोडेस्वार कमी पडत असतील तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यावर स्वारांची चित्रं चिकटवा. छंद वाढला की प्लास्टिकचे किंवा धातूचे छोटे सैनिक घेता येतात. यात २८ मिलिमीटर, १५ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर ही मापं जास्त चालतात. हे माप म्हणजे साधारणपणे सैनिकाची उंची. २८ चा सैनिक रंगवायला छान, पण जागा जास्त खातो. ६ चे सैनिक दिसायला मुंगीएवढे, पण अख्खी फौज टेबलावर मावते. १८०३ ची असईची लढाई परदेशातल्या खेळाडूंमध्ये लोकप्रिय असल्यामुळे मराठा फौजेचे सैनिकही तिकडे तयार होतात.

*बाकी सामान :* चार-सहा फासे, एक मोजायचा टेप, वही, पेन. आणि शेंगाचटणी-भाकरीच्या ताटाजवळ एक फडकं. तेलकट हात रंगवलेल्या सैनिकांना लागले की रंग गेलाच समजा.

सैनिक एकेक करून हलवत नाहीत. तीन-चार सैनिक एका पुठ्ठ्यावर चिकटवायचे. तो पुठ्ठा म्हणजे एक पथक. खऱ्या लढाईतले शंभर-दोनशे स्वार त्यातून दाखवले जातात.

आष्टीची लढाई : तासाभरात संपणारे सोपे नियम

क्लबमध्ये वापरल्या जाणाऱ्या नियमांची पुस्तकं कधी कधी शंभर-दीडशे पानांची असतात. नवशिक्यांना एवढं नको. खालचे नियम मुद्दाम सोपे ठेवले आहेत.

*मांडणी :* इंग्रजांची ६ घोडदळ पथकं, त्यातल्या एकाबरोबर जनरल स्मिथ. ती टेबलाच्या एका अरुंद कडेवरून आत येतात. पेशव्यांची छावणी टेबलाच्या मधोमध. छावणीत चार पुठ्ठे : बाजीराव, छत्रपतींची पालखी आणि खजिन्याचे दोन हत्ती. छावणी आणि इंग्रज यांच्या मध्ये गोखल्यांची ६ पथकं, त्यातल्या एकाबरोबर स्वतः गोखले. ती कशी उभी करायची ते पेशव्यांच्या बाजूनं ठरवावं, फक्त इंग्रजांच्या कडेपासून ३० सेंमी तरी लांब.

*डाव :* एकूण ८. प्रत्येक डावात आधी इंग्रज हलतात, मग पेशव्यांची बाजू.

*चाल :* घोडदळ आणि बाजीराव २० सेंमी. पालखी आणि हत्ती १० सेंमी. शत्रूच्या घोडदळ पथकापासून १० सेंमीच्या आत आलेल्या पथकाला तिथंच थांबावं लागतं, नाहीतर सरळ त्याच्यावर हल्ला करावा लागतो. बाजूनं गुपचूप निसटता येत नाही.

*छावणीतला गोंधळ :* पहिल्या डावात छावणीतलं कुणीच हलत नाही. दुसऱ्या डावापासून पेशव्यांच्या बाजूनं एक फासा टाकायचा. ४, ५ किंवा ६ आला की छावणी हलली. त्यानंतर चारही पुठ्ठे दर डावाला पलीकडच्या कडेकडे सरकू शकतात. १, २ किंवा ३ आला तर तो डाव वाया.

*झुंज :* दोन पथकं भिडली की दोघांनी एकेक फासा टाकायचा. या डावात धडक देणाऱ्याला १ अंक जास्त. बाजूनं किंवा मागून धडक दिली तर आणखी १. पथकाबरोबर सेनापती असेल तर आणखी १. ज्याची बेरीज कमी ते पथक २० सेंमी मागं हटतं आणि त्यावर एक खूण ठेवायची. दुसरी खूण झाली की पथक बाद. फरक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर पथक लगेच बाद. बरोबरी झाली तर दोघंही जागेवर आणि पुढच्या डावात पुन्हा झुंज.

*सेनापती :* सेनापतीचं पथक हरलं की एक फासा टाका. १ आला तर सेनापती पडला. पथकच बाद झालं असेल तर १, २ किंवा ३ वर पडला. वाचला तर जवळच्या दुसऱ्या पथकाला जाऊन मिळतो.

*पकडणं :* इंग्रजांचं पथक पालखीला, हत्तीला किंवा बाजीरावांना येऊन भिडलं की ते हाती लागले.

*गुण :* हे पेशव्यांच्या बाजूनं मोजायचे. बाजीराव निसटले तर ३, छत्रपती निसटले तर ३, प्रत्येक हत्तीला १ आणि गोखले जिवंत राहिले तर २. एकूण १०. सहा किंवा जास्त मिळाले तर पेशव्यांची बाजू जिंकली.

प्रत्यक्षात आष्टीला काय झालं, ते याच गुणांत मोजलं तर हिशोब येतो ३. फक्त बाजीराव निसटले.

एकदा खेळलं की काय लक्षात येतं?

नियम बघून वाटतं की बाजीराव सहज निसटतील. छावणी दुसऱ्या डावात हलली तर निसटतातच. तीन डावांत ६० सेंमी पार. पण हत्ती आणि पालखीला तेवढ्याच अंतरासाठी सहा डाव लागतात. म्हणजे बाजीराव गेल्यावरही गोखल्यांना तीन डाव उभं राहावं लागतं. तोपर्यंत पथकं निम्मी झालेली असतात. आता सेनापतीला पुढं घातलं तर फाशात एक अंक वाढतो, पण सेनापती जाण्याचा धोकाही वाढतो.

गोखले स्वतः पुढं का गेले असतील, हा प्रश्न पुस्तकात वाचताना फक्त शौर्याचा वाटतो. टेबलावर तोच प्रश्न हिशोबाचा होतो. आणि हिशोब कळला म्हणून शौर्य कमी होत नाही. उलट समोर कोणते पर्याय होते, त्यातला कोणता किती महाग होता हे समजल्यावर ते जास्त कळतं.

दुसरी गोष्ट लक्षात येते ती इंग्रजांची बाजू खेळणाऱ्याला. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो, त्यामुळे कुणालाच शत्रू व्हावं लागत नाही. इथं कुणाला तरी स्मिथ व्हावंच लागतं. ही बाजू घेतली की कळतं की, 'इंग्रजांच्या' घोडदळात मद्रासकडचे भारतीय स्वार मोठ्या संख्येनं होते. आणि पालखीतले छत्रपती नेमके कुणाच्या बाजूला मोजायचे, यावर तर टेबलाभोवती हमखास वाद होतो. पेशव्यांना ते हवेत कारण त्यांच्याशिवाय पेशवेपदाला आधार नाही. इंग्रजांना ते हवेत कारण त्यांना गादीवर बसवलं की बाजीराव एकटे पडतात. आणि खुद्द प्रतापसिंहांना काय हवं होतं? नियमांत त्यांना फासाच दिलेला नाही. एखाद्या ग्रुपला वाटलं तर तोही देता येतो. पालखीत बसलेल्यांची मर्जी म्हणून दर डावाला एक फासा टाकायचा आणि १ आला तर पालखी जागेवरच थांबली! असा एक नियम बदलला की अख्खी लढाई बदलते.

सोळाव्या-सतराव्या शतकातली लढाई निवडली तरी हेच दिसतं. आदिलशाही फौजेत मराठा सरदार होते. शहाजीराजे स्वतः आदिलशाहीचे मोठे सरदार होते. 'आपले' आणि 'त्यांचे' अशी सरळ रेघ टेबलावर मारायला गेलं की ती वाकडीच येते.

ग्रुप कसा चालवायचा?

चार-पाच जण पुरेत. दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या बाजूला आणि एक पंच. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा पंख्याखाली बसून खेळण्यासारखा दुसरा खेळ नाही. मात्र चार गोष्टी आधीच ठरवून घेतलेल्या बऱ्या.

पहिली, पंचाचा शब्द शेवटचा. १९ सेंमी की २० सेंमी यावर अर्धा तास वाद घालण्यापेक्षा एक फासा टाका आणि पुढं चला.

दुसरी, दर वेळी बाजू बदला. ज्यानं आज गोखले खेळले त्यानं पुढच्या रविवारी स्मिथ खेळायचा. शत्रूची बाजू घेतली म्हणून कुणाला चिडवायचं नाही. जो चांगला शत्रू होतो त्याच्यामुळेच खेळ चांगला होतो.

तिसरी, जिंकणं-हरणं इतिहासाच्या तुलनेत मोजा. आष्टीला इंग्रज घोडदळ जास्त शिस्तीचं होतं, गोखल्यांना तयारीला वेळ नव्हता. अशा लढाईत 'शत्रूचा नायनाट' हे लक्ष्य ठेवलं तर कमजोर बाजूकडून खेळायला कुणी तयारच होणार नाही. म्हणून प्रत्येक बाजूला तिच्या ताकदीप्रमाणे लक्ष्य द्यायचं. मन्रोच्या वेढ्यात किल्लेदाराचं लक्ष्य किल्ला राखणं हे ठेवा किंवा 'अमुक डाव टिकून राहणं' एवढंच ठेवा.

चौथी, खेळ संपल्यावर दहा मिनिटं बोला. कोणत्या डावात लढाई फिरली? खरं काय घडलं होतं? आपल्या नियमांत काय चुकलं? घोडदळ फारच वेगानं पळत असेल तर पुढच्या वेळी चाल कमी करा. अनेक ग्रुपचे नियम असेच वर्षानुवर्षं दुरुस्त होत तयार झालेले असतात.

माहिती कुठून काढायची?

खेळ सुरू केल्यावर माणूस आपोआप वाचायला लागतो, कारण प्रत्येक नियमासाठी काहीतरी ठोस हवं असतं. सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८४ मध्ये निघालं, ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये. दोन्ही ग्रंथ इंग्रजांच्या चष्म्यातून लिहिलेले आहेत. आपल्या बाजूचे नुकसानीचे आकडे कमी, समोरच्याचे जास्त, हे गृहीत धरून वाचावे लागतात. त्यांच्या जोडीला बखरी, पत्रव्यवहार आणि मराठी इतिहासकारांची पुस्तकं ठेवली की चित्र भरतं. शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात एक दुपार काढली तरी पुढच्या दोन-तीन खेळांची तयारी होते.

आणि सगळ्यात सोपं साधन तर फुकट आहे. भुईकोट किल्ल्यात सकाळी एक चक्कर मारायची. नुसतं फिरायचं नाही, तर तट चढून शत्रूच्या नजरेनं बघायचं. तोफ कुठं लावली तर ती दरवाज्यापर्यंत पोहोचेल? तलावाच्या बाजूनं कुणी आलं तर कुठून दिसेल? दुसऱ्या तटापर्यंत पोहोचायला किती पावलं लागतात? ही पावलं मोजून वहीत लिहिली की तुमच्या टेबलावरचा सोलापूरचा किल्ला तयार व्हायला सुरुवात झाली.

यंदा दिवाळीत मावळे खाली काढाल, तेव्हा किल्ल्याच्या समोर थोडी जागा मोकळी ठेवा. समोरच्या फौजेला उभं राहायला तेवढी लागतेच.